डिस्नेच्या दारी नंबर

माझ्या लहानपणी आमच्या गावी रॉकेलच्या दुकानापुढे माणसांची रांग नसे, डब्यांची असे. पहाटे घरातले कोणीतरी जाऊन डबा ठेवून येई. कडीला ओळखीची चिंधी बांधलेली असे. मग दुकान उघडेपर्यंत आंघोळी, देवपूजा, शाळेची तयारी सारे यथास्थित चाले. माणसाच्या वतीने डबा उभा राही. या व्यवस्थेला आम्ही काही नाव दिले नव्हते. ‘नंबर लावला आहे’ एवढेच म्हणत असू. हीच कल्पना १९९९ साली अमेरिकेत डिस्नेच्या बागेत अवतरली, तेव्हा तिला ‘फास्टपास’ असे झोकदार नाव मिळाले आणि लोकांना ती मोठी अपूर्व वाटली.

२०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता फ्लोरिडात टँपा येथे माझ्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे खरे तर भाच्याकडे, गेलो होतो. भाचा संगणकातला. असल्या माणसांना कोणतीही नवी पद्धत निघाली की ती स्वतः वापरून पाहिल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. डिस्ने वर्ल्डमध्ये पाळण्यांचे नंबर लावण्याची पद्धत २४ जुलै २०२४ पासून पुन्हा एकदा बदलली होती. ‘मामा, आपण तिची परीक्षाच घेऊ,’ तो म्हणाला. परीक्षा घेणे हा माझा धंदाच असल्यामुळे मी नाही म्हणणे शक्य नव्हते.

पुन्हा एकदा बदलली, असे मी म्हणतो, कारण या रांगेला चांगला सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि तो पाळण्यांपेक्षाही रंजक आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइमला पहिले डिस्नेलँड उघडले, तेव्हा जत्रेतल्यासारखेच प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे असत. लवकरच कुपनांची पुस्तके निघाली. ‘ए’ म्हणजे किरकोळ खेळ, ‘सी’ म्हणजे त्यातल्या त्यात मोठे. १९५९ साली ‘ई’ हे सर्वांत वरचे कुपन आले आणि अमेरिकन माणूस एखाद्या थरारक अनुभवाला ‘ई तिकीट’ म्हणू लागला. वॉल्ट डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात वारला. फ्लोरिडातली मोठी बाग १ ऑक्टोबर १९७१ ला उघडली ती त्याच्या पश्चात. तिथेही कुपने होतीच. १९८२ साली ती बंद झाली. दारात एकदा पैसे भरा आणि आत हवे ते, हवे तितक्या वेळा बघा.

ऐकायला हे किती उदार वाटते! पण पैसा दारातच संपला म्हटल्यावर आत किंमत मोजायची ती कशात? वेळात. जो खेळ चांगला त्याची रांग लांब. लक्षाधीश असो की शाळामास्तर, ऊन दोघांच्याही डोक्यावर सारखेच. १९९९ चा फास्टपास आला तोही फुकट होता. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तीवर लिहिलेल्या वेळी परत यायचे. चिठ्ठी मिळायला पाय तेवढे हवेत. २०१३ साली हातात बांधायची पट्टी आली आणि तीन खेळांचे नंबर महिनाभर आधी, डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना तर दोन महिने आधी, घरबसल्या लावता येऊ लागले. या साऱ्या खटाटोपाला सुमारे शंभर कोटी डॉलर लागल्याचे वर्तमानपत्रांनी छापले होते. तरीही नंबराला वेगळा पैसा नव्हता. मार्च २०२० मध्ये साथीने सारेच बंद पाडले. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये नवी पद्धत आली ती विकत. अशा रीतीने चाळीसेक वर्षांनी गाडी पुन्हा कुपनावर आली. फरक एवढाच की कुपन घेणारा पूर्वी खेळाचे पैसे देई, आता न थांबण्याचे देतो.

आमच्या परीक्षेचा पहिला पेपर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी सात वाजता होता. बागेबाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी नंबर लावता येतो. हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी, म्हणजे आमच्या आधी पंगत बसून उठलेली. घरात उटण्याचा वास, देवापुढे समई, आणि भाचा सोफ्यावर फोन हातात धरून घड्याळाकडे बघतो आहे. तीन खेळ निवडायचे. त्यांतला वरच्या यादीतला एकच, खालच्या यादीतले दोन. माणशी पंचवीस-तीस डॉलर, आणि हे प्रवेशाच्या तिकिटाखेरीज. सात वाजून गेल्यावर त्याने मान वर केली. पीटर पॅन सकाळी, भुताचा वाडा दुपारी, चाचे त्यानंतर. ‘झाले,’ तो म्हणाला. ताई समईची वात सारीत म्हणाली, ‘लक्ष्मी यायच्या दिवशी पहाटेच घालवलीस म्हणायची!’

पास मात्र तिघांचेच घेतले होते. भाचा, माझी पत्नी आणि सात वर्षांची नात हे पासाचे. ताई आणि मी साध्या रांगेचे. तुलना केल्याशिवाय परीक्षा कसली? ताईचे गुडघे साथ देतील का, ही शंका मी काढली. त्यावर ती म्हणाली, ‘पंढरपूरच्या बारीत मी रात्र काढली आहे. तू आपले बघ.’

४ नोव्हेंबर, सोमवार. टँपाहून दीडएक तासाचा रस्ता. मोटार वाहनतळावर ठेवायची आणि पुढे मुद्दाम खणलेल्या तळ्यातून बोटीने जायचे. हा पाण्याचा पट्टा मला फार आवडला. देवळात शिरण्यापूर्वी पाय धुवावेत तसे बाहेरचे जग त्या पाण्यात राहते. समोर सिंड्रेलाचा किल्ला, एकशे एकोणनव्वद फुटांचा, पण दिसतो त्याहून उंच. वरचे मजले मुद्दाम लहान प्रमाणात बांधले आहेत. आणि आपण ज्या रस्त्यावरून चालतो तो खरे म्हणजे दुसरा मजला आहे. पायांखाली बोगद्यांचे जाळे असून सोंगे घेतलेली माणसे तिथून ये-जा करतात, कारण एका युगातला माणूस दुसऱ्या युगातून चालत जाताना दिसता कामा नये. आमच्या नाटकवाल्यांना विंगेत जागा नसते, आणि इथे अख्ख्या गावाला विंग!

पीटर पॅनच्या दारात दोन वाटा फुटतात. एकीवर पाटी ‘लायटनिंग लेन’. ताईने तिचे तिथल्या तिथे ‘विजेची गल्ली’ असे भाषांतर केले. भाच्याने खांबावर फोन टेकवला, हिरवा दिवा लागला आणि तिघे आत गेले. आमच्या पाटीवर साठ मिनिटे लिहिली होती.

साठ मिनिटे का, हे समजून घेण्यासारखे आहे. पीटर पॅनची जहाजे लहान, छताच्या रुळाला टांगलेली. एकेकीत दोन-तीन माणसे. सोयीसाठी समजा, तासाला हजार माणसे जातात. आत दोन्ही वाटा जिथे मिळतात तिथे एक कर्मचारी उभा असतो. विजेच्या गल्लीला दिलेला शब्द त्याला पाळायचा असतो, म्हणून तो तिकडून बरेच सोडतो आणि इकडून थोडे. हजारांतले सातशे तिकडून गेले तर साध्या रांगेपुरता तो खेळ तीनशेंचाच उरला. म्हणजे पास वेळ वाचवतो हे खरे. पण तो वेळ कोठून हवेतून येत नाही, शेजारच्या रांगेतून येतो. आमच्या रॉकेलच्या रांगेत डबा असो की माणूस, ओळ एकच होती. ज्याचा डबा पुढे त्याला आधी. डब्याला पैसे देऊन कोणी पुढे नेला असता तर त्या दिवशी दुकानापुढे काय झाले असते, ते सांगायला नको.

आमच्यापुढे ओहायोहून आलेली एक आजी होती, दोन नातवंडांना घेऊन. साठी उलटलेली, पायांत नवे कोरे बूट. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तीन वर्षे एका डब्यात पैसे टाकत होते, म्हणाली. त्यातून प्रवास, मोटेल आणि बागेचा एक दिवस. पासाचे काय, असे मी विचारले. ती हसली. ‘तिघांचे पास म्हणजे आमची दोन वेळची जेवणे. जेवढे बघून होईल तेवढे बघू.’ शेजारून विजेच्या गल्लीतले लोक झपझप जात होते. तिचा धाकटा नातू त्यांच्याकडे बघत होता. त्याने काहीतरी विचारले. आजीने उत्तर देण्याऐवजी त्याची टोपी सरळ केली. दुसऱ्या दिवशी त्या देशात अध्यक्षाची निवडणूक होती. पण सबंध रांगेत कोणी तिचा शब्द काढला नाही. बोलणी चालली होती ती कोणत्या खेळाची पाटी किती मिनिटांची, याची.

एवढ्यावरून मी पासाच्या विरुद्ध गेलो असे कोणी समजू नये. ज्यांना वर्षातून एकच सुट्टी मिळते, ज्यांचे पोर कडेवर झोपते, ते पैसे टाकून दोन तास सोडवून घेतात यात पाप काय? आपल्याकडे शिर्डीला पैसे भरून लवकर दर्शन मिळते आणि ते घेणारे काही कमी भाविक नसतात. मला खटकले ते पुढचे. आमच्या आधी पाचच दिवस, ३० ऑक्टोबरला, तिथे आणखी एक पास चाचणीदाखल निघाला होता. त्यात वेळ ठरवायची कटकटच नाही; केव्हाही या, विजेच्या गल्लीतून जा. चाचणीपुरता तो डिस्नेच्या महागड्या हॉटेलांत उतरलेल्यांनाच खुला होता आणि या बागेसाठी त्याची किंमत माणशी, दिवसाला, तीनशे एकोणतीस ते चारशे एकोणपन्नास डॉलर ठेवली होती. म्हणजे घाई करणाऱ्यांतही आता वर्ण पडू लागले. हे सांगताना भाच्याच्या स्वरात कौतुक होते; तो म्हणाला, ‘मागणीप्रमाणे भाव.’ ताई म्हणाली, ‘आणि उभे राहणाऱ्याची मागणी कोण मोजतो?’

आता गंमत पाहा. साध्या रांगेतून बरेच आत गेल्यावर मुलांची निजायची खोली लागते. गोष्टीतल्या डार्लिंग मंडळींची. अंधूक उजेड, खाटा, खेळणी. टिंकर बेल ही परी उजेडाचा ठिपका होऊन या वस्तूवरून त्या वस्तूवर उडते. एका भिंतीवर आपली सावली पडते आणि त्या सावलीच्या हातावर सावलीचीच फुलपाखरे येऊन बसतात. हात हलवला की उडतात. ताईने पर्स माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात पसरले. ओहायोच्या आजीनेही पसरले. ज्या नातवाची टोपी सरळ करावी लागली होती तो फुलपाखरांमागे धावत होता. रांग पुढे सरकली तरी आमचा तो भाग हलेना. मागचेही कोणी कुरकुरले नाहीत. विजेची गल्ली या खोलीला वळसा घालून जाते.

खेळ म्हणावा तर तीन मिनिटांचाही नाही. जहाज उचलले जाते, खाली रात्रीचे लंडन, दिव्यांच्या रांगा, घड्याळाचा मनोरा, चंद्र. सुंदर आहे, यात शंका नाही. आमची बावन्न मिनिटे गेली. पासवाल्यांची, भाच्याच्या हिशेबाने, नऊ.

बाहेर तिघे आइस्क्रीम संपवून बसले होते. भाच्याने आकडे टिपून घेतले. परीक्षेचा निकाल स्पष्टच होता. पण ताईने नातीला फुलपाखरांची गोष्ट सांगितली आणि मग घोटाळा झाला.

‘ती खोली कुठे होती? मला का नाही दिसली?’

‘आपण लवकर आत गेलो ना, बाळा,’ भाचा म्हणाला.

‘मला बघायची आहे.’

मधल्या वेळात आम्ही तिला जंगलातल्या नावेतून नेले. नावाडी सबंध वाटभर कोट्या करतो. धबधब्याच्या मागून नाव जाते तेव्हा तो मोठ्या गांभीर्याने जाहीर करतो की, मंडळी, जगातले आठवे आश्चर्य पाहून घ्या : पाण्याची पाठ! मी एकटाच मोठ्याने हसलो. वर्गात असल्या कोट्यांना हसणारा एकही विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. पुढे हिंदुस्थानी हत्ती अंघोळ करताना दिसतात. ते खोटे आहेत हे कळूनही पत्नीने त्यांना हात जोडले. नात मात्र हसली नाही. उतरल्यावर तिचा तोच प्रश्न. भुताच्या वाड्याची वेळ सुरू झाली होती. पासाला मुदत तासाचीच. भाचा तिला समजावीत होता. तिथे नऊशे नव्व्याण्णव भुते आहेत, पाटीवर कधी कधी तेरा मिनिटे अशी अशुभ संख्या मुद्दाम लावतात, वगैरे. ती ऐकून घेत होती आणि किल्ल्याकडे बघत होती.

‘मी नेतो तिला,’ मी म्हणालो.

‘मामा, पास फुकट जाईल. आणि तिथे आता पासष्ट मिनिटे आहेत.’ त्याने फोन माझ्यापुढे धरला.

‘मग ताईला घेऊन तुम्ही वाड्यात जा. ती दमली आहे.’ त्यावर पास माणसाच्या नावाचा असतो, ताईला चालणार नाही, असे त्याने सांगितले. ताई जवळच्या बाकावर बसली आणि चपला काढून गुडघे चोळीत म्हणाली, ‘मी इथेच बरी. माझी भुते पाहून झालीत.’

शेवटी भाचा आणि माझी पत्नी वाड्याकडे गेली आणि आम्ही दोघे पुन्हा त्या रांगेच्या शेपटाला उभे राहिलो. नातीने माझे बोट धरले होते. पहिली दहा मिनिटे ती विजेच्या गल्लीतून जाणाऱ्यांना मोजत होती. शंभरानंतर तिने मोजणे सोडले. मग तिने मला विचारले की हे सगळे लोक खोली न बघताच जातात का. हो, म्हणालो. त्यांना कोणी सांगत नाही का? नाही. तिने थोडा विचार केला, आणि दोरापलीकडून बापाच्या खांद्यावर बसून चाललेल्या एका मुलाला इंग्रजीतून ओरडून सांगितले की आत भिंतीवर फुलपाखरे आहेत. त्या मुलाने मागे वळून पाहिले. त्याच्या बापाचा फोन खांबापाशी हिरवा झाला होता, आणि ते दोघे आत गेले.