तिथीचा हिशेब

एकत्र कुटुंबांत बाळंतपणाची तिथि हा सर्वांच्याच अधिकाराचा विषय असतो. आमच्या आत्याबाई 'नऊ महिने नऊ दिवस' मोजतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरतात. जर्मन वैद्य नेगेले (१७७८-१८५१) यांच्या नांवाचा नियमही हाच: त्या तारखेंत सात दिवस मिळवावे व तीन महिने मागें जावें.

गतवर्षीं आमच्या धाकट्या सूनबाईंचा पस्तिसावा आठवडा चालू असतां सोनोग्राफी झाली, आणि तींत गर्भाचें वय बत्तीस आठवडे निघालें. घरांतील मंडळी हर्षित झाली. पुतणीचें लग्न आटोपूनच बाळंतपण येणार! परंतु डॉक्टरीणबाईंनीं तारीख हलविण्यास साफ नकार दिला.

त्यांचें म्हणणें आम्हांस पटलें. १९५८ सालीं ग्लासगो येथें आयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं ध्वनिलहरींनीं गर्भ पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. पण हें यंत्र वय पाहत नाहीं, आकार पाहतें. पहिल्या तीन महिन्यांत सर्व गर्भ जवळजवळ सारख्याच गतीनें वाढतात. म्हणून डोक्यापासून बैठकीपर्यंतच्या लांबीवरून वय पांच-सात दिवसांच्या फरकानें सांगतां येतें. पुढें आनुवंश, आईची प्रकृति व वारेतून मिळणारें पोषण यांप्रमाणें ज्याची त्याची वाढ निराळी होते. शेवटच्या तिमाहींत डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी हीं सारीं मापें घेतलीं, तरी तीन आठवड्यांची चूक संभवते. तेव्हां आरंभींच्या तपासणीनें ठरलेली तारीख उशिराच्या तपासणीनें बदलावयाची नसते.

सूनबाईंच्या बाळाच्या पोटाचा घेर डोक्याच्या मानानें फार मागें होता. बाळ वयानें लहान नव्हतें, पोषणानें कमी होतें! वारंवार तपासणी ठेवून सदतिसाव्या आठवड्यांत प्रसूति करविली. बाळ सव्वादोन किलोंचें, पण सुखरूप. तारीख पुढें ढकलली असती, तर त्याची उपासमार 'अजून लहान आहे' या समाधानाखालीं झांकली गेली असती.

ज्या भगिनींची आरंभींची तपासणी राहून गेली असेल, त्यांना उशिराच्या मापांवरच विसंबावें लागतें. मात्र कांहीं आठवड्यांनीं पुन्हां मापें घेऊन वाढ पाहणें इष्ट. इतरांनीं पहिल्या तपासणीचा कागद जन्मपत्रिकेइतकाच जपून ठेवावा. पत्रिका जन्मानंतर लिहितात. हा कागद त्यापूर्वींच उपयोगी पडतो.