ज्वालामुखीची खोली

जपानमधल्या कोबेच्या ‘रेनबो हाउस’मध्ये एका खोलीला ज्वालामुखीची खोली म्हणतात. भिंतींना मऊ गाद्या, मध्ये पंचिंग बॅग. आई किंवा बाबा गमावलेली मुलं इथे हवी तेवढी आदळआपट करतात. मी तिथे स्वयंसेविका आहे. कुणाला लागू नये हे बघायचं आणि ‘शांत हो’ असं म्हणायचं नाही, एवढंच आमचं काम.

मी लातूरकडची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला, तेव्हा शाळेत होते. नंतर आमच्या वर्गात आलेली एक मुलगी कधीच रडली नाही. मोठी माणसं म्हणायची, “पोर धीराची आहे, सावरली.” सावरण्यावाचून तिला दुसरी मोकळीक तरी होती का?

कोबेचा भूकंप 17 जानेवारी 1995 चा, तोही पहाटेचा. 6,434 माणसं गेली. पालक गमावलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या ‘आशिनागा’ संस्थेच्या माणसांनी मृतांच्या याद्या घेऊन, पडक्या वस्त्यांमधून हिंडून पालक गमावलेली 573 मुलं शोधली. त्यांतल्या एकाने इंद्रधनुष्य काढलं, ते काळं. 1999 मध्ये उभ्या राहिलेल्या या घराचं नाव त्यावरूनच पडलं.

कोबे ज्यात येतं त्या ह्योगो प्रांताने तेव्हा शाळांमध्ये मुलांच्या मनाकडे बघण्यासाठी वेगळे शिक्षक नेमले होते. आधाराची गरज असलेल्या मुलांचा आकडा पहिली काही वर्षं घटला नाही, उलट वाढत गेला. ही नोंद मला फार मोलाची वाटते. मला वाटतं, घर पुन्हा उभं राहीपर्यंत मुलंच मोठ्यांना जपत असतात. आई जरा स्थिरावली की मग त्यांचा बांध फुटतो, आणि तोवर विचारपूस करणारे पांगलेले असतात.

परवा एक मुलगा बॅगेवर बुक्के मारता मारता थांबला. “बाबांचा आवाज आठवत नाही.”

“आठवत नाही,” मी म्हटलं. शिकवलंय तसं, सल्ला न देता.

कोपऱ्यातली मुलगी म्हणाली, “मलापण आईचा नाही आठवत.” त्यानंतर दोघं बराच वेळ एकमेकांशीच बोलत होती. माझी गरज नव्हती.

भूकंपातली ती मुलं आता मोठी झाली. आता आजारात, अपघातात, आत्महत्येत पालक गेलेली मुलं येतात. मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं गावोगाव आहेत. वह्या-दप्तरं त्यांना मिळतात, मिळायलाच हवीत. पण तिथल्या एखाद्या शाळेत एक खोली रिकामी करून तिला गाद्या लावायच्या आहेत मला. सुट्टीत गावी गेले की मुख्याध्यापकांना भेटणार आहे.