नाव विचारायचं राहून गेलं

“काय शिकतेस गं तू तिकडे?” असं आईने फोनवर विचारलं की मी सांगायची, “मेडिकल लाइनचा कोर्स आहे.” हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तब्बल अडीच वर्षे मी ‘नर्स’ हा शब्द सांगलीपर्यंत पोचू दिला नाही.

मी सांगलीची. बी.कॉम. झाले, लग्न झाले आणि ह्यांच्या नोकरीमागोमाग न्यू जर्सीला आले. मुलगी मोठी झाल्यावर एका हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात काम धरले. दिवसभर आकडे मांडायचे. बिलात औषधाला ओळ, तपासणीला ओळ, ऑपरेशनच्या खोलीला ओळ. पण रात्रभर पेशंटच्या उशाशी उभी राहणारी नर्स? तिची ओळच नाही! अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत नर्सिंगचा खर्च बहुधा खोलीच्या भाड्यातच धरलेला असतो. चादर, वीज आणि नर्स, सारे एका आकड्यात. हे माझ्या हिशेबी डोक्याला फार खुपले. त्याच खुपण्यातून, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी कॉलेजचा अर्ज आणला.

कॉलेज म्हणजे इथले कम्युनिटी कॉलेज. आपल्या जिल्ह्यासारखी इथे ‘कौंटी’ असते. त्या कौंटीच्या आणि राज्याच्या पैशाचा हातभार असल्यामुळे फी मोठ्या विद्यापीठांच्या मानाने बरीच कमी. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग. नर्सिंगचा दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम हा या कॉलेजांचा मोठाच आधार. पूर्वी इथेही नर्सचे शिक्षण बहुतेक हॉस्पिटलच्या शाळांतून, तीन वर्षे राबून होई. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेसची चणचण पडली, तेव्हा मिल्ड्रेड मॉन्टॅग या विदुषीने १९५१ साली मांडले, की हे शिक्षण कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांत देता येईल. १९५२ साली त्याचा प्रयोग सुरू झाला आणि ती वाट पुढे देशभर रुळली. दोन वर्षे शिकलेली असो की चार, नर्स होण्याची सरकारमान्य परीक्षा दोघींना एकच. हे वाचले आणि मला धीर आला.

‘दोन वर्षे’ हे मात्र म्हणायला. त्याआधी शरीररचना, सूक्ष्मजंतुशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी निबंध असे विषय पुरे करावे लागतात. नोकरी सांभाळून त्यातच माझी दोन वर्षे गेली. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी हाडांची नावे पाठ करी. ह्यांना पोळ्या येत नाहीत, पण भात-आमटी येऊ लागली. मुलगी प्रश्न विचारी, मी उत्तर देई, आणि चुकले की ती आपल्या जुन्या मास्तरणीसारखी भुवई वर करी!

पण आईला सांगायचे धैर्य होत नव्हते. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाची वाट दाखवली, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. तरी आमच्या घरी डॉक्टर म्हटले की पाट मांडायचा आणि नर्स म्हटले की, “बिचारीला दुसऱ्यांचं काढावं लागतं!” असे म्हणायचे. लहानपणापासून मी हेच ऐकले होते. खरे सांगायचे तर ते माझ्या मनातूनही गेले नव्हते. मी लपवत होते ती आईच्या भीतीने की स्वतःच्या लाजेने, हे आजही सांगता येणार नाही.

नर्सिंगचे खरे वर्ग सुरू झाले आणि पहिल्याच महिन्यात मी आपटले. औषधाच्या मात्रेच्या गणिताची परीक्षा होती. आमच्या कॉलेजात तिला शंभरात नव्वद हवेत, आणि संधी दोनच. मी तर बी.कॉम.! गणितात मला कोण हरवणार? आणि मिळाले शहाऐंशी. उत्तरे बरोबर होती, पण हिशेबाच्या सवयीने मी ‘५’ च्या जागी ‘५.०’ लिहीत गेले. बाईंनी मला जवळ बोलावून विचारले, “हा टिंब घाईत दिसला नाही, तर पाचाचे किती होतील?” पन्नास! दहापट औषध! म्हणून पूर्णांकापुढे टिंब-शून्य कधी लिहायचे नाही, आणि अपूर्णांकात टिंबाआधी शून्य हटकून लिहायचे. रुपयांच्या हिशेबात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. इथे दुसरा दिवस मिळेलच असे नाही. त्या रात्री मी न्हाणीघरात जाऊन रडले. दुसऱ्या खेपेला शहाण्णव मिळाले, पण त्या टिंबाने मला जे शिकवले ते कुठल्या पुस्तकाने शिकवले नसते.

मग प्रत्यक्ष वॉर्डात जायचे दिवस आले. पहाटे पावणेसातला हजर. खोलीत शिरायची रीत ठरलेली: हात धुवायचे, आधी स्वतःचे नाव सांगायचे, मग पेशंटचे नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायची. रोजचा पेशंट असला तरी सूट नाही.

माझ्या पहिल्या पेशंट म्हणजे ऐंशीच्या पुढच्या, हैतीहून आलेल्या एक आजी. त्यांना अंथरुणातच स्नान घालायचे होते, खालचेही सारे स्वच्छ करायचे होते. ज्याची इतकी वर्षे लाज धरली होती, ते काम समोर उभे राहिले. माझे हात थरथरत होते. आजींनी डोळे मिटून घेतले. माझ्याहून जास्त लाज त्यांना वाटत होती! ते पाहिले मात्र, माझी लाज कुठल्या कुठे गेली. अंगावर टॉवेल ठेवून जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडायचा, हे शिकवलेले आठवले. पाठ पुसताना बाई म्हणाल्या, “नुसतं पुसू नकोस, बघ.” माकडहाडापाशी एक जागा होती. सावळ्या कातडीवर लाली दिसत नव्हती, पण हाताला ती बाजूच्या कातडीपेक्षा गरम आणि टणक लागली. अंथरूणव्रणाची ती सुरुवात. न्हाऊमाखू घालणे म्हणजे कमीपणाचे काम नव्हे, तीच तर तपासणी, हे त्या सकाळी माझ्या बोटांना कळले.

दुसरे सत्र चालू असतानाची गोष्ट. आमची काकू खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळली होती, आणि आई या वयात आपल्या जावेचे सारे करत होती. एकदा फोनवर म्हणाली, “अगं, तिच्या कमरेखाली काळपट झालंय. मी रोज तेल लावून चांगली चोळतेय.”

“आई, चोळू नकोस!” मी ओरडलेच. मग एका दमात सांगत सुटले. त्या जागी चोळले तर आतले आणखी दुखावते. दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढत सरकवायचे नाही, चादरीसकट दोघांनी उचलायचे. चादरीला सुरकुती नको, अंग ओले राहायला नको. हवेची रबरी रिंग आणली असशील तर काढून टाक, तिच्या कडेने रक्त अडते. पोटरीखाली उशी घाल, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. आणि डॉक्टरांना आजच दाखव.

पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, “हे सगळं तुला कसं ठाऊक?”

“मी नर्स होतेय, आई.”

पुन्हा शांतता. मला वाटले, आता बोलणी बसणार. पण ती म्हणाली ते मी कधी ऐकले नव्हते. “तुझ्या वेळेला मी मिरजेला होते. नऊ दिवस तापाने फणफणले होते. आपल्या घरची माणसं दारात येऊन बघून जायची. एक सिस्टर होती, तिने माझं सगळं सगळं केलं. केस विंचरून वेणीसुद्धा घातली. घरी आल्यावर सगळ्यांना डॉक्टरांचं नाव सांगत सुटले मी. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघ.”

मी काही बोलू शकले नाही. जिला मी घाबरत होते, तिच्याही मनात एक न मांडलेली ओळ इतकी वर्षे होती.

काकूची जखम चिघळली नाही. आईने घड्याळ लावून कूस बदलली आणि दर रविवारी मला अहवाल दिला. मी कॉलेज पुरे केले, परवान्याची परीक्षाही दिली. ती संगणकावर असते. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०; निकाल ठरला की यंत्र आपणहून थांबते. माझे थांबले तेव्हा छातीत धस्स झाले, पण पास झाले! आता रात्रपाळी करते. पुढे-मागे चार वर्षांची पदवीही पुरी करावी म्हणते, कारण बऱ्याच हॉस्पिटलांना तीच हवी असते.

मैत्रिणींनो, बिलात अजूनही माझ्यासाठी वेगळी ओळ नाही. पण प्रत्येक खोलीत एक पांढरा फळा असतो, त्यावर पाळीची नर्स आपले नाव लिहिते. इथले लोक माझ्या नावाची पार मोडतोड करतात, म्हणून मी त्याचे दोन अक्षरी रूप करून लिहीत असे. आईला हे सांगितले.

ती म्हणाली, “अजिबात नाही. पूर्ण लिही. आणि म्हणता येत नसेल तर नीट म्हणायला शिकव!”