अंधारीत बॅटरी रुसली!

मुलांनो, देवगिरीचा किल्ला पाहिलाय का तुम्ही? दौलताबादचा किल्ला म्हणतात ना, तोच. छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर. पावसाळा सरता सरता आमच्या चौथीच्या वर्गाची सहल तिथं गेली होती.

चांद मिनार पाहिला, चिनी महाल पाहिला. मग बुरुजावरची मेंढा तोफ. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड आहे, म्हणून हे नाव. औरंगजेबाच्या काळातली ही तोफ, तीनशेहून जास्त पावसाळे झेलून अजून ऐटीत उभी आहे!

खंदक ओलांडला आणि आली अंधारी. डोंगर पोखरून केलेली ही वळणावळणाची वाट. शत्रू आत शिरला की त्याला काही दिसूच नये, म्हणून मुद्दाम केलेली. मी पिशवीतून बॅटरी काढली, बटण दाबलं. उजेडच नाही! सेल तर आदल्या दिवशीच नवे घातले होते. पायाखाली ओल्या पायऱ्या, डोक्यावर वटवाघळं. एका मुलीनं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. शेवटी एकमेकांचे हात धरून, पायऱ्या मोजत आम्ही बाहेर पडलो. खरं सांगते, मीही घाबरले होते.

वर बारादरीपाशी बसून बॅटरी उघडली. आतल्या स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर! जुना सेल कधीतरी पाझरला होता, त्यात पावसाळ्याचा दमटपणा.

“बाई, आमचा तांब्याचा हंडा असाच कळकतो. आई चिंचेनं घासते,” एक जण म्हणाला.

दुसरीनं लगेच विचारलं, “पण तोफ तर एवढी वर्षं पावसात आहे. तिला काही झालं नाही, मग बॅटरीलाच का?”

किती छान प्रश्न! तोफ जाडजूड असते. कागदाएवढा थर कळकला, तरी तिचं काय बिघडतं? बॅटरीत मात्र विजेला एका धातूवरून दुसऱ्या धातूवर जायचं असतं. मध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढा थर आला, तरी तिची वाट अडते.

तेवढ्यात दूर आकाशात एक विमान चिकलठाण्याच्या विमानतळाकडे उतरताना दिसलं. “बाई, विमानातल्या वायरींनाही असं होतं?”

होतं तर! विमानात रेडिओ असतो, उंची आणि वेग सांगणारी यंत्रं असतात. त्यांना जोडणाऱ्या कितीतरी वायरी, आणि प्रत्येकीच्या टोकाला बारीकशी पिन. दहा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास थंडी असते. गारठलेलं विमान मुंबईच्या दमट हवेत उतरलं, की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा त्याला घाम फुटतो. त्यात समुद्राची खारी हवा! दोन वेगळे धातू जिथं भेटतात, तिथं खारं पाणी साचलं की एक धातू हळूहळू झिजू लागतो.

आणि ओलावा काय करू शकतो, ते ऐका. २३ फेब्रुवारी २००८ रोजी प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर अमेरिकेचं बी-२ हे बॉम्बफेकी विमान उडता उडताच कोसळलं. हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणांत पावसाचा ओलावा शिरला होता. गंज चढायचीही गरज पडली नाही! संगणकाला चुकीची माहिती मिळाली. दोघे वैमानिक आसनांसकट बाहेर फेकले गेले, म्हणून वाचले.

म्हणूनच समुद्रावर उडणारी विमानं गोड्या पाण्यानं धुतात. पिनांना सोन्याचा मुलामा देतात, कारण सोनं गंजत नाही. यंत्रातल्या पट्ट्यांवर पातळ लेप चढवतात. वायर पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ देतात, म्हणजे पाणी आत न जाता तिथूनच ठिबकतं. विजेच्या खांबावरून घरात येणारी वायर पाहा, तिलाही असाच झोळ असतो!

गंज चढलाच, तर आधी वीज बंद. मग मऊ ब्रश, साफ करायचा खास द्रव, आणि पूर्ण कोरडं करणं. “पॉलिश पेपरनं घासलं तर?” मुळीच नाही! मुलामाच खरवडून जाईल आणि आतला धातू उघडा पडेल.

शाळेत आल्यावर आम्ही बॅटरीतले सेल काढले. हात न लावता जुन्या टूथब्रशनं थर झाडला. तो डोळ्यांत जाऊ नये म्हणून हे काम मीच केलं. ओलसर फडक्यानं पुसून बॅटरी उन्हात वाळवली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि लख्ख उजेड पडला! वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता आमच्या वर्गाचा नेम आहे. वापर झाला की सेल काढून ठेवायचे आणि महिन्यातून एकदा बॅटरी उघडून पाहायची. माझा हात घट्ट धरणाऱ्या त्या मुलीनंच हे काम मागून घेतलंय. तुमच्या घरची बॅटरी शेवटची कधी उघडली होती? आज आईबाबांना सोबत घेऊन बघा बरं!