राहुटीतले घर

कोकणातले घर विकले, त्या वर्षापासून आमच्या उन्हाळ्याच्या सुटीला पत्ता उरला नाही. आम्ही तिघे भाऊ नोकरीपायी तीन प्रांतांत विखुरलेलो. एक दिल्लीस, एक कोलकात्यास, एक जबलपुरास. आईला आणि मुलांना एकत्र आणावे तरी कुठे? अखेर गेल्या मे महिन्यात पचमढीला राहुट्या ठोकून चार दिवस एकत्र काढण्याचे ठरले.

पिपरिया स्थानकावर उतरलेली चुलत भावंडे एकमेकांना 'आप' म्हणू लागली, तेव्हा आम्हांला प्रथम हसू आले; मग ते आपोआप ओसरले. एकाच आजीची ही नातवंडे, पण मराठी बोलत ती आजीशीच, आणि तेही ती विचारील तेवढेच.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी धूपगडावर गेलो. सुमारे १,३५० मीटर उंचीचे हे सातपुड्यातले सर्वोच्च शिखर. धुरकट डोंगरांमागे सूर्य उतरला, तशी धाकटीने विचारले, "आजी, सूर्य कुठं गेला?"

"आपल्या घरी."

"आणि आपलं घर कुठं आहे?"

आई काहीच बोलली नाही. आम्ही तिघेही खाली पाहत राहिलो. विक्रीच्या कागदावर सह्या आमच्याच होत्या.

रात्री वारा सुटला, राहुटीचे कापड फडफडू लागले. भ्यालेली मुले आईभोवती गोळा झाली, आणि ती त्यांना परसातल्या विहिरीच्या, फणसाच्या गोष्टी सांगत राहिली. पहाटे बाहेरून हाक ऐकू आली, "ए, ऊठ की! आजी चहा करतेय!"

'आप' गेला होता. पुढल्या उन्हाळ्याच्या रजेचे अर्ज आम्ही त्याच सकाळी मनोमन लिहून टाकले.