सोळा रस्त्यांची गोलाई

बाजारपेठ म्हटली की आम्हा कोकणातल्या माणसांच्या डोळ्यांपुढे एक लांबलचक, अरुंद रस्ता येतो. राजापूर घ्या, चिपळूण घ्या. दोन्ही अंगांना दुकानं, वर उतरती कौलं आणि हाकेच्या अंतरावर नदी किंवा खाडी. लातूरच्या गंजगोलाईत शिरलो आणि ते चित्र पार विस्कटून गेलं. इथे बाजार चक्क गोल आहे! मधोमध अंबाबाईचं देऊळ, त्याला वेढून बसलेली दुमजली, प्रचंड वर्तुळाकार इमारत आणि चहूबाजूंनी तिच्याकडे धावत येणारे रस्ते. मी मान वळवत मोजतो आहे. चार, सात, अकरा... मध्येच हातगाडी आडवी येते, पुन्हा पहिल्यापासून मोजतो. सोळा! सोळा रस्ते या एका गोलाला येऊन भिडतात.

आणि हे सारं आपसूक वाढलेलं नाही, आधी कागदावर आखलेलं आहे. लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने गोलाईचा आराखडा केला आणि १९१७ साली मधली इमारत उभी राहिली. दिल्लीचं ते सुप्रसिद्ध गोल कॅनॉट प्लेस पूर्ण व्हायला १९३३ उजाडावं लागलं. त्याच्या कितीतरी आधी मराठवाड्याच्या या धान्यपेठेने आपला गोल पुरा केला होता!

आमच्या पेठा बंदरांनी मोठ्या केल्या. इथे ना समुद्र, ना गलबतं. मग एवढा व्यापार आला कसा? अडीच फुटी रुळांवरून आला. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली आणि इथल्या धान्याला दूरच्या बाजारांची वाट मिळाली. कोकण रेल्वे अखंड धावायला १९९८ उजाडलं, हे आठवलं आणि मी त्या रुळांना मनोमन हात जोडले.

आता रस्त्यांत शिरू या. एका रस्त्यावर सोनं लखलखतंय, दुसऱ्यावर कापडाचे तागे सपासप उलगडताहेत, तिसरीकडे चपलांच्या माळा लटकताहेत. सराफ लाइन, कापड लाइन, भुसार लाइन. वाट विचारली की लोक अशीच सांगतात. भुसाराकडे वळलो आणि डोळे निवले. आमच्याकडे दुकानात तांदूळ आधी दिसतो. इथे तूर, हरभरा, मूग, उडीद, करडई आणि पांढरीशुभ्र टपोरी ज्वारी. तुरीच्या डाळीचा पिवळा रंग उन्हात असा पेटलाय की नजर ठरत नाही. पुढे गुळाच्या ढेपी, त्यांच्याभोवती गोड, उबदार वास. त्यात पलीकडून मिरचीचा ठसका येऊन मिसळतो, मी शिंकतो आणि गल्ल्यावरचे आजोबा हसून विचारतात, ‘‘काय बघूलालाव? या की, बसा.’’ पांढऱ्या गादीवर मला जागा होते, चहा येतो. विकत काहीच घेतलेलं नसताना!

मी आलो होतो मार्गशीर्षाच्या अखेरीला, वेळा अमावास्येच्या तोंडावर. इथे तिला येळवस म्हणतात. बाजाराला नुसतं उधाण आलेलं. ओला हरभरा, वाटाणे, तुरीच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात. भज्जीसाठी जे जे लागतं ते सगळं पिशव्यांतून ओसंडतंय. आंबिलीसाठी मातीची मडकी बोटाने टणटण वाजवून घेतली जाताहेत. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या बाजारात अशीच झुंबड असते, पण ती सारी घराकडे निघालेली. ही शेताकडे निघाली आहे.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर गोलाईची दुकानं बंद! सराफ गेले, कापडवाले गेले, आडते गेले, हमालही गेले. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याचं आवतण असतं. मलाही मिळालं. काळ्याभोर रानात कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडवांची पूजा, मग पंगत. भज्जीबरोबर ज्वारीचे उंडे, वर गव्हाची खीर आणि पुन्हा पुन्हा आग्रहाने ओतली जाणारी गार, आंबूस आंबील. ज्या तुरीचा ढीग मी भुसार लाइनला पाहिला होता, ती इथे माझ्या खांद्याइतकी उंच उभी होती. व्यापारी आणि कुणबी एकाच पंगतीला.

गोलाईने आता शंभरी ओलांडली आहे. फलकांच्या आणि तारांच्या जाळ्यामागे तिचे मजले झाकोळत चालले आहेत. ते जाळं दूर व्हायला हवं, कारण असा बाजार आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांकडे नाही. जायचं असेल तर येळवशीच्या आदल्या दिवशी जा आणि सोळाही रस्त्यांवरून चाला. शेताचं आवतण आलं तर नाही म्हणू नका.