काकूच्या केसांतला मोगरा

पुणे,
नोव्हेंबर

प्रिय सखी,

तुझा निरोप काल रात्री वाचला. शेजारच्या आजी गेल्या, परवा दफन आहे, आणि काय न्यावं ते फुलवाल्याच्या दुकानात उभं राहून तुला सुचेना. लियाँमध्ये इतकी वर्षं काढूनही तुला मला विचारावंसं वाटलं, याचं बरं वाटलं गं.

आधी शेवंतीचं बोलू. तिकडे १ नोव्हेंबरला माणसं शेवंतीच्या कुंड्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात. म्हणून तर पहिल्या वर्षी तू पिवळ्या शेवंतीचा गुच्छ घेऊन जेवायला गेलीस आणि यजमानीणबाईंचा चेहरा उतरला. तुझं तरी काय चुकलं? आपण हीच शेवंती मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीला वाहतो, तिचीच वेणी माळतो. रात्र मोठी होऊ लागली की शेवंती कळ्या धरते आणि थंडीही सोसते. बाकीची बाग उतरणीला लागली की हिचे दिवस येतात. त्यांना गेलेली माणसं आठवायची त्या दिवसांत हीच हाताशी, आणि आपल्या व्रताच्या दिवसांतही हीच.

तरी परवा कुंडी नको नेऊस, ती नंतर कबरीवर ठेव. अंत्यविधीला पांढरी लिली किंवा गुलाब चालतील. पण निधनाची सूचना नीट वाच. ‘फुले, पुष्पचक्रे नकोत’ असं त्यात कधी कधी छापलेलं असतं. तसं असेल तर रिकाम्या हातानं जा, त्यात काही उणं नाही. आणि घर ज्यू असेल तर फुलं नेऊच नकोस. त्यांच्यात कबरीवर लहानसा दगड ठेवायची रीत आहे.

एवढं सगळं मी भराभर सांगतेय, कारण वैशाखात आमची थोरली काकू गेली तेव्हापासून हाच विषय मनात आहे. तुला फोनवर सगळं सांगितलं नव्हतं.

पहाटे गेली ती. भाऊ मार्केट यार्डाच्या फूलबाजारातून झेंडूचे हार, गुलाबाच्या पाकळ्या आणि तुळस घेऊन आला. हारांतली जर आणि प्लॅस्टिकचे मणी मी ओढून काढले, ते तिच्याबरोबर जळू द्यायचे नव्हते. पिशवीच्या तळाशी मोगऱ्याचे दोन गजरे होते, मी मुद्दाम सांगितलेले.

काका गेले तेव्हा काकू एकेचाळीस वर्षांची होती. त्या दिवसापासून तिच्या केसांत फूल दिसलं नाही. पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी परडीभर कळ्या घेऊन ओसरीवर बसायची आणि आम्हा पोरींना गजरे करून द्यायची. गाठ इतकी हलकी मारायची की कळीचा देठ दबायचा नाही. गजरा माळून झाला की आपल्या बोटांचा वास घ्यायची. बस, तेवढाच तिचा मोगरा.

सवाष्ण गेली की तिला मळवट भरतात, हिरवं लुगडं नेसवतात, ओटी भरतात, गजरा माळतात. काकूला पांढरं पातळ नेसवलं. मी गजरा हातात घेतला तशी एक नात्यातली आजी म्हणाली, “अगं, विधवेला गजरा कसा चालेल?” घर एकदम गप्प झालं. मी थांबले, खरं सांगते, हात थरथरला. तेवढ्यात ताई पुढे आली, काकूचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “माळ गं. तिनं आयुष्यभर आपल्याला माळले.”

माळला. तसंच तिला वैकुंठ स्मशानभूमीत नेलं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या गावांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ते वाचून मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण काकू समोर बसलेली असताना तिच्या केसांत एक कळी खोवायचं मला कधी सुचलं नाही. ती निजल्यावर सुचलं. हे मला फार लागलंय.

म्हणून म्हणते, दुकानात उभी राहू नकोस. आजींच्या लेकीकडे जा आणि विचार, त्यांना कुठलं फूल आवडायचं. खिडकीत त्या काय लावायच्या, ते तू रोज बघतच होतीस की. तेच चार देठ ने, साध्या दोऱ्यानं बांध, वर चकचकीत कागद नको.

आणि तुझ्या आईला येत्या उन्हाळ्यात भेटशील तेव्हा तिच्यासाठी गजरा घेऊन जा. तुझे बाबा जाऊनही आता नऊ वर्षं झाली. नको म्हणेल, तरी माळ.

तुझी,
मी